दाढीच्या तेलाची कढई

"हाई कढई आते तुनी, शोभा. हिले तिखट दखाडू नको."

सासूचा हा आवाज सरलाबाईच्या कानात कितीतरी वर्षं घर करून राहिला होता. धुरपदाबाई तेव्हा खाटेला लागल्या होत्या. आवाज असा बारीक झालेला, जात्यातून शेवटची मूठ उतरावी तसा. सरला चहाचा कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. कढई आता तुझी, एवढंच तिनं ऐकलं. पुढचे शब्द कानावर पडले, पण आत उतरले नाहीत. थोरली सून मी, आणि कढई धाकटीला. चहा निवून गेला, तरी तिचं पाऊल उंबऱ्याआत पडलं नाही.

कढई म्हणाल तर साधी पितळेची, कल्हई केलेली, दोन्ही कान झिजून गुळगुळीत झालेले. पण तिच्यात भाजी होत नसे, भजी होत नसत. तिच्यात फक्त दाढीचं तेल होई.

अमळनेरकडून हे न्हाव्याचं घर सुरतेला आलं आणि डिंडोलीच्या नाक्यावर सरलाच्या नवऱ्यानं, बन्सीलालनं, दोन खुर्च्यांचं दुकान मांडलं, तेव्हा गिऱ्हाईक सगळं लूमवर कापड विणणारं. धाग्याचं तूस आणि ताण्याला लावलेली खळ माणसांच्या दाढीत जाऊन बसे. साबण कितीही घासा, वस्तरा अडखळे, गाल चरचरे. धुरपदाबाईनं लेकाची ती फजिती पाहिली आणि गावाकडचं तेल काढलं. आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा गालावर ठेवायचा. मग तळहातावर चार थेंब घेऊन केसांच्या उलट दिशेनं चोळायचे. तेल मुरेपर्यंत गिऱ्हाइकाला गावाकडची खबर विचारायची. मग त्यावरच साबणाचा फेस, आणि मग वस्तरा. तेल करताना म्हातारी चुलीशी बसून गुणगुणे:

मंद जाळ, मंद जाळ, नको घाई माझे बाई,
लेकाचा गं वस्तरा, गालावरनं वाऱ्यावाणी जाई.

म्हातारी गेली. ओवी शोभाकडे गेली, कढई शोभाकडे गेली आणि दुकानातली शाबासकीही शोभाकडे गेली.

दोघी जावांच्या खोल्या लागूनच होत्या, मधे एक विटेची भिंत. शोभाचा नवरा गोपाल पलसाण्याला कापड रंगवण्याच्या कारखान्यात होता. तिकडेच झोपायचा, रविवारी घरी यायचा. कधी रविवारही कोरडा जायचा. आठवड्यातून एकदा शोभा तेल कढवी, आणि तो वास भिंत ओलांडून सरलाच्या स्वयंपाकात येई. कडुनिंबाचा, आणि खाली कसला तरी गोड, मातीसारखा. सरलाची भाकरी तव्यावर करपे.

"आज बळीराम मुकादम म्हणत होते," बन्सीलाल जेवताना सांगे, "एवढी जाड दाढी, पण शोभाच्या तेलानं काही कळलंच नाही म्हणे."

"हं," सरला म्हणे, आणि भाकरी ताटात अशी टाके की वाटीतली आमटी डचमळे.

रात्री नवरा शेजारी झोपे तेव्हाही त्याच्या बोटांना तो वास असे. नवऱ्याच्या हाताला दुसरीच्या हातचा वास. बन्सीलालच्या मनात तसलं काही नव्हतं, हे सरलालाही ठाऊक होतं. पण आपल्या हातचं त्याच्या अंगावर काय आहे, हा प्रश्न तिला झोपू देत नसे. सदऱ्याची बटणं आपण लावतो. पण बटणांची कुणी तारीफ करत नाही.

एकदा तिनं विचारूनही पाहिलं. "काय काय घालतेस गं यात?"

"काही नाही ताई, असंच, घरात असेल ते," शोभा म्हणाली आणि कढईवर ताट झाकलं. ते झाकलेलं ताट सरला विसरली नाही.

त्या वर्षी वैशाखात बळीराम मुकादमाच्या मुलाचं, लोटूचं, लग्न ठरलं. हळदीआधी नवरदेवाची दाढी मांडवात, सगळ्या भाऊबंदांसमोर, घरच्या न्हाव्यानं करायची. ते मानाचं काम बन्सीलालचं. नेमका गोपाल पलसाण्याला तापानं पडला आणि शोभा तिकडे गेली. हळदीला दोन दिवस उरले तेव्हा बन्सीलालनं दुकानातली बाटली उजेडात धरली. तळाला नुसती ओल होती.

"शोभाला निरोप धाडावा लागेल."

"आजारी माणूस सोडून येईल का ती?" सरला म्हणाली. "मी करते."

"तुला येतं?"

त्यानं साधंच विचारलं होतं, पण सरलाला ते असं लागलं की उत्तर न देता ती पिशवी घेऊन बाहेर पडली.

भेस्तानच्या घाण्यावरून तिळाचं तेल आणलं. जडीबुटी विकणाऱ्या गांध्याकडून एरंडेल घेतलं. कडुनिंब तर दारातच होता. तो गोड, मातीचा वास कशाचा, हे तिनं गांध्याच्या दुकानात एकेक पुडी नाकाशी धरून शोधलं. नागरमोथा. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून हुंगलेला वास हातात सापडला तेव्हा तिला हसू आलं.

शोभाच्या खोलीची किल्ली तिच्याकडेच होती. पितळेची कढई फळीवर पालथी दिसत होती. सरलानं हात पुढे केला आणि मागे घेतला. तिच्या कढईवाचून अडलंय का माझं? घरी येऊन तिनं आपली लोखंडी कढई राखेनं घासली, चिंचेनं घासली, चुलीवर ठेवली. रोज ठेचा भाजून, काळा मसाला परतून काळीभोर झालेली कढई. तिच्यात तेल मंद तापलं, पाला कुरकुरीत झाला, पाण्याचा तडतडाट थांबला. मलमलच्या फडक्यातून गाळलेलं तेल तिनं तळहातावर घेऊन चोळलं, मनगटावर चोळलं. रेशमासारखं. जळजळ नाही, काही नाही. जन्मभर मिरच्या कुटलेल्या हाताला काय कळणार?

मांडवात लोटू पाटावर बसला. बन्सीलालनं पंचा ठेवला, उचलला, तेल चोळलं. एड्सचं नाव ऐकल्यापासून माणसं नवं पातं डोळ्यांदेखत उघडायला लावत, म्हणून त्यानं पुडी सगळ्यांना दाखवली, पातं मधोमध मोडलं आणि वस्तऱ्यात बसवलं. फेस केला. सरला बायकांत उभी होती. वस्तरा कानशिलापासून खाली आला, न अडता, वाऱ्यावाणी. शोभा इथे असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बघायला.

दुसऱ्या गालाशी येईतो लोटूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"आतापासून रडतोस का रे?" एक मावशी म्हणाली. "अजून नवरीनं तोंड उघडलं नाही."

"मावशी, आग होतेय," लोटू म्हणाला. त्याचे गाल टमाट्यासारखे झाले होते. तो उठून उभा राहिला, कुणी पाणी ओतलं, त्यानं आग अजूनच पसरली. बळीराम मुकादम पुढे आले. "बन्सीलाल, काय लावलंस माझ्या पोराला?"

बन्सीलालनं वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. क्षणभर सरलाकडे पाहिलं.

"चूक माझी, मुकादम," तो म्हणाला. "सकाळी ठेचा खाल्ला, हात नीट धुतला नाही. एवढ्या वर्षांचा न्हावी, पण हात धुवायला विसरलो."

कुणी हसलं, कुणी दुकान बंद कर म्हणालं. बन्सीलाल मान खाली घालून ऐकत राहिला. तेवढ्यात गोपालचा ताप उतरताच निघून पलसाण्याच्या गाडीनं आलेली शोभा पिशवीसकट गर्दीतून आत आली. वाटी तिनं नाकाशी धरली, पण कुणाला काही विचारलं नाही. कोरड्या फडक्यानं लोटूचे गाल टिपले, मांडवातल्या मडक्यातलं दही थापलं. "पाणी नका लावू. तासाभरात उतरेल. वर हळद आहेच, लाल दिसायचं नाही." आणि तसंच झालं.

संध्याकाळी सरला भिंतीकडे तोंड करून बसली होती. शोभा न विचारता आत आली. तिनं पितळेची कढई सरलाच्या चुलीवर ठेवली, शेजारी दोन बाटल्या आणि पाला.

"बसा इकडे. दोन वाट्या तीळतेल, एक वाटी एरंडेल. नागरमोथा तुम्हाला कळलाच, वासावरून समजलं मला. तुमचं तेल चांगलंच होतं. फक्त कढई चुकली. लोखंडात मुरलेलं तिखट घासून जात नाही, तापलेलं तेल ते ओढून घेतं. कढईला तिखट दाखवू नको, हे आत्याबाई सांगून गेल्या होत्या, तुम्ही उंबऱ्यातच होता."

सरलानं चूल पेटवली. पाला तेलात पडला, बारीक तडतडला.

"एवढंच होतं," ती म्हणाली. "एवढंसं. मग मी विचारलं तेव्हा ताट का झाकलंस?"

शोभा पळीनं पाला फिरवत राहिली. तडतड थांबली, तेल शांत झालं, तरी फिरवत राहिली.

"ताई, तुमचा माणूस रोज संध्याकाळी घरी येतो," ती म्हणाली. "भिंतीपलीकडून मला ताट वाढल्याचा आवाज येतो, त्याच्या चपलांचा येतो. मी एकटी बसून ऐकते. माझं नाव या घरात फक्त या तेलापुरतं निघायचं. ते तुम्हाला सांगितलं असतं, तर तुमच्या जेवणात माझं नाव कुणी काढलं असतं?"