निळी माळ

तिरोड्यात योगराज मेकॅनिकच्या दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा अल्काचे तळहात स्टेअरिंगला चिकटले होते. बोदलकशाहून येताना गाडी जंगलात दोनदा बंद पडली. मागच्या सीटवर तिचा नवरा हेमराज, पाय सुजलेले. दुपारी बाराला गोंदियात डायलिसिस. नंबर हुकला तर उद्यावर. आणि उद्यापर्यंत त्याचा दम टिकेल का, हे तिला स्वतःलाही विचारायचं नव्हतं.

योगराज गाडीचा बिघाड शोधायचा स्कॅनर घेऊन आला. "काकू, हे मशीन नवरदेवासारखं हाय, सारं मनासारखं लागते. इंजिन गरम, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, बॅटरी भरलेली. आन् एसी, पंखा, टेप, दिवे, सारं बंद."

इंजिन गरमच होतं. तिनं एकेक बटण बंद केलं. योगराजनं स्टेअरिंगखाली वायर खोचली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बॅटरी कमी दाखवून राहिली. अशात मशीन काहीबाही सांगते. अजून काय चालू हाय?"

"काई नाई." अल्का फारच पटकन म्हणाली.

डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती होती आणि तिच्याभोवती निळ्या दिव्यांची माळ, थेट बॅटरीला जोडलेली. पहिल्या डायलिसिसच्या दिवशी हेमराजनं लावलेली. तेव्हापासून ती विझली नव्हती, गाडी दारात उभी असतानाही नाही. रात्री अल्का खिडकीतून पाहून यायची. निळं दिसलं की झोप.

"ते काय मंग?" योगराजनं माळेकडं बोट केलं.

"ते राहू दे."

"काऊन?"

मागून हेमराज खोकला.

"बंद कर ना वो."

"तुमीच लावली ना?"

"लावली. मंग तूच तिच्याकडं पाहून गाडी चालवून राहिली, म्हणून म्या काढली नाई. आन् बुद्धानं कधी सांगतलं, माळ विझली का हेमराज विझन?"

योगराज उगाच टायरकडं पाहू लागला.

तिनं डोळे मिटून माळेचं बटण दाबलं. उघडायची हिंमत होईना.

"मांगं पाह्य," हेमराज म्हणाला. "हाव ना मी."

योगराजनं दुकानातली बॅटरी लावली. आता मशीननं बिघाडाचा नीट कोड दाखवला: इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरची तार. बॉनेटखाली पाहिलं तर उंदरानं कुरतडलेली. त्यानं ती जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली.

गाडी गोंदियाच्या रस्त्याला लागली. अल्काचा हात दोनदा माळेच्या बटणाकडं गेला आणि गिअरवर परत आला.

"तुमी बोलत राहा," ती म्हणाली. "गप नका बसू."

"तिसऱ्यात कायले चालवून राहिली? चौथा टाक!"

दवाखाना येईपर्यंत हेमराज तिच्या गाडी चालवण्याला नावं ठेवत राहिला. तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही.