एकाच खोक्यात

संपदाने खोक्यावरची चिकटपट्टी सुरीने सरळ कापत नेली, आणि हरिश्चंद्रांनी नकळत खुर्चीचा हात घट्ट धरला.

सोसायटीच्या ऑफिसात आठ-दहा जण टेबलाभोवती जमले होते. तिरुपूरचा एक ऑनलाइन दुकानदार टॉवेल, बनियन, गाऊन चांगले आणि स्वस्त द्यायचा, पण एकट्याने मागवलं की शिपिंगच मालाच्या किमतीला भिडायचं. म्हणून संपदाने शक्कल काढली होती. सगळ्यांनी एकाच खात्यावर आपापल्या वस्तू घालायच्या, पैसे तिथेच भरायचे. ऑर्डर मोठी झाली की शिपिंग माफ. हाटकेशमधल्या त्यांच्या इमारतीत हे आता रुळलं होतं.

खोकं उघडलं की पुढे काय होतं, ते मात्र हरिश्चंद्रांना ठाऊक नव्हतं. एरवी त्यांची बायको नीलिमाच खाली यायची. प्रत्येकाचं वेगळं बांधलेलं असेल, वर नाव असेल, आपण आपलं उचलू आणि निघू, असं त्यांनी धरलं होतं. तेवढ्यासाठीच आज ते स्वतः निघाले. पण टॉवेलचा रंग बघायचाय म्हणून नीलिमाही सोबत आली, आणि आता शेजारच्या खुर्चीवर बसली होती. उकाड्यातही तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला होता.

"चला, सुरू करते," संपदा म्हणाली. "वर धरते, ज्याचं त्याने बोला."

तिने निळा गाऊन वर धरला.

"माझा," मागून कोणीतरी म्हणालं.

मग मोठं बनियन.

"जितेशभाई, हे तुमच्याच साइझचं ना?"

"मागच्या वर्षी होतं," जितेशभाई पोटावरून हात फिरवत म्हणाले. सगळे हसले. नीलिमाही हसली. हरिश्चंद्रांना हसू आलं नाही. ते खोक्याकडे बघत होते.

नीलिमाचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. इमारतीत सगळ्यांना पित्ताशयातला खडा काढला, असं सांगितलं होतं. "कोणाजवळ बोलायचं नाही," तिने हॉस्पिटलातच बजावलं होतं. "माझ्या बहिणीजवळसुद्धा नाही." घरी आल्यावर ती आरशासमोर थांबेनाशी झाली. हरिश्चंद्रांनी कितीतरी दिवस हिंमत गोळा करून एकदा तिला फोनवर चित्र दाखवलं: कापूस भरलेलं गोल, मऊ सुती पॅड, अशा ऑपरेशननंतर ब्लाउजच्या आत घालण्यासाठी केलेलं. तिने चित्र पाहिलंच नाही. खालचा आकडा तेवढा पाहिला.

"वस्तूपेक्षा पोचवणंच महाग. ठेवा तो फोन."

शिपिंग हे निमित्त होतं, हे त्यांना कळत होतं. पण बाकीचं काही त्यांच्या हातात नव्हतं. निमित्त तेवढं दूर करता येण्यासारखं होतं. म्हणून तिला न सांगता त्यांनी ते पॅड सगळ्यांच्या ऑर्डरमध्ये घातलं होतं.

"टॉवेल, मोरपंखी."

"माझे," नीलिमा म्हणाली आणि पाकीट मांडीवर घेऊन प्लास्टिकमधूनच रंग बघू लागली.

"झालं ना? चल वर," हरिश्चंद्र हळूच म्हणाले.

"थांबा हो. काय घाई आहे? बघू तरी लोकांनी काय काय मागवलंय."

संपदाचा हात पुन्हा खोक्यात गेला. या वेळी पाकीट लहान होतं, पारदर्शक. आत बदामी रंगाचं काहीतरी गोल होतं, मध्ये फुगीर.

"हे कुणाचं?" तिने ते उलटंसुलटं केलं. "काय आहे नक्की? पिनकुशन?"

"खांद्याचं पॅड असेल," जितेशभाई म्हणाले. "माझ्या लग्नाच्या कोटात होतं असं. दुसरं शोध, जोडी असणार."

पुन्हा हशा पिकला. संपदाने हसत हसत पाकिटाच्या मागची अक्षरं वाचली. वाचताना तिचं हसू ओसरलं. वर धरलेला हात हळूहळू खाली आला. शेजारच्या बाईने मान वाकडी करून वाचलं आणि तीही गप्प झाली. पुरुषांच्या बाजूला मात्र हसणं थोडा वेळ चालूच राहिलं.

"कुणाचं आहे?" संपदाने खालच्या आवाजात विचारलं.

हरिश्चंद्रांनी नजर आपल्या चपलांवर रोवली. शेजारी नीलिमाच्या मांडीवरच्या टॉवेलच्या पाकिटाची चुरचुर थांबली होती. 'माझं' म्हटलं असतं, तर सगळ्या नजरा नीलिमाच्या पदरावर गेल्या असत्या. उद्यापासून ती जिना उतरली नसती. गप्प राहिलं तर ते पाकीट आलं तसं परत जाईल, आणि तिला कधी काही कळणारही नाही. गप्पच राहावं, असं त्यांनी ठरवलं.

"चुकून आलं असेल. पाठवून दे परत," जितेशभाई म्हणाले.

"चुकून कसं येईल? पैसे भरलेत कोणीतरी." संपदाने फोन उचलला. "थांबा, खात्यात दिसेल कुणी भरले ते."

तिचा अंगठा फोनवर फिरू लागला. हरिश्चंद्र अर्धवट उठले. काय बोलायचं ते सुचलं नव्हतं, पण तिला थांबवायला हवं होतं.

"माजं हाय तं."

खिडकीजवळून डॉरिसचा आवाज आला. डॉरिस मूळची उत्तनजवळच्या चौक गावची. मुलाने इथे फ्लॅट घेतल्यापासून तिसऱ्या मजल्यावर राहायची. ती उठली, अर्धवट उठलेल्या हरिश्चंद्रांकडे तिने एकदा पाहिलं आणि टेबलापाशी आली.

"आंटी, तुमचं?"

"मंग? दे इकडं."

क्षणभर सगळ्यांची नजर जिथे जायची तिथे गेली आणि घाईने दुसरीकडे वळली. डॉरिसने पदर सावरला नाही, की पाठ फिरवली नाही. पाकीट तिने पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीवर ठेवलं.

"बघून झालं आसंल तर फुडचं काढ, संपदा. माजं टॉवेल बी हाय त्यात."

हरिश्चंद्र खाली बसले.

वाटप संपल्यावर दोघं लिफ्टने वर आली. घरात आल्यावर तिने टॉवेल टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"डॉरिसला कधी झालं असेल हो?"

आता सांगायलाच हवं होतं. "नीलिमा, ते पाकीट..."

"मी आलेच," ती म्हणाली आणि चपला न घालताच बाहेर पडली.

हरिश्चंद्रांनी चहा टाकला. डॉरिस सांगणार, माझं नव्हे, तुझ्या नवऱ्याने मागवलेलं. बजावून ठेवलेली एकच गोष्ट, तीही त्यांना पाळता आली नव्हती. काय बोलायचं याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली. प्रत्येक वाक्य 'मला वाटलं' पासून सुरू होत होतं आणि तिथेच अडत होतं. चहा उकळून काळा झाला.

दार उघडलं. नीलिमा आत आली. हातातलं ते लहान पाकीट तिने टॉवेलशेजारी ठेवलं आणि खुर्ची ओढून बसली. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या.

"तिनं स्वतःचं पॅड दाखवलं मला," ती म्हणाली. "ऑपरेशनला सहा वर्षं झाली म्हणे. सहा वर्षं आपण तिच्याबरोबर लिफ्टने येतोय-जातोय."

हरिश्चंद्रांनी गॅस बंद केला.

"विरून गेलंय अगदी. तेच शिवून शिवून घालते. एकटीने मागवायचं तर शिपिंग परवडत नाही, आणि सगळ्यांच्या खोक्यात घालायचा धीर होत नव्हता." तिने पाकिटावरून बोट फिरवलं. "मी म्हटलं, हे ठेव. तर म्हणाली, माझं नाही ते, कसं ठेवू?"

"मला वाटलं..." हरिश्चंद्रांनी सुरुवात केली.

"साइझ कुठून कळली तुम्हाला?"

त्यांनी तिच्या कपड्यांच्या कपाटाकडे पाहिलं. नीलिमानेही पाहिलं. मग तिने पाकीट उचलून मांडीवर घेतलं.

"पुढच्या खेपेला असंच एक तिच्यासाठी घाला," ती म्हणाली. "आणि संपदाने वर धरलं की तुम्ही चपलांकडे बघत बसू नका. मी म्हणेन, माझं आहे म्हणून."

तिने टॉवेलचं प्लास्टिक फाडलं, घडी मोडली आणि तो उजेडात दोन्ही हातांनी उंच धरला. खांद्यावरून पदर घसरला. तिने तो तसाच राहू दिला.

"रंग काही फोटोतल्यासारखा नाहीये," ती म्हणाली.