जास्तीच्या भाकरी

उत्तमरावांनी थापलेली भाकर परातीतून उचलली आणि तव्यावर जाण्याआधीच ती मधोमध फाटली. अर्धी हातात राहिली, अर्धी गॅसच्या कडेला पडून करपू लागली. तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून वर्षालीने सांगितलं की पाणी नीट उकळलेलं नव्हतं, आणि पीठ असं गोंजारायचं नसतं, तळहाताने रगडायचं असतं. पाटावर बसून लसूण सोलणाऱ्या सूर्यभानचं मत वेगळं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका भाकरीच्या दोन झाल्या, म्हणजे कामच हलकं झालं.

उत्तमरावांना हसू आलं. ते लपवायला त्यांनी चिमटा शोधण्याचं निमित्त केलं.

वर्षाली ही त्यांची एकुलती एक मुलगी, अकोल्याला दिलेली. तिची आई, दुर्गाबाई, पावसाळ्यात गेली. आधी गावाने डबे पुरवले. मग ज्याच्या त्याच्या घरी कामं निघाली, डबे कमी झाले, आणि उत्तमरावांनीही कोणाला आठवण करून दिली नाही. दिवाळीत वर्षाली आली तेव्हा स्वयंपाकघरात तिला चहापत्ती, साखर आणि टोस्टचे पुडे एवढंच सापडलं. ती तिथेच ओट्याला टेकून रडली. बाबांनी आता अकोल्यालाच यावं असं तिचं म्हणणं होतं. शेवंती फुलावर आली आहे, ती टाकून कसा येऊ, असं उत्तमरावांचं. शेवटी तोड निघाली ती अशी की ती रोज संध्याकाळी फोनवरून शिकवेल आणि बाबांनी स्वतःच्या हाताने रांधून खावं.

पहिल्याच संध्याकाळी सूर्यभान न बोलावता येऊन बसला. दोघे अचलपूरच्या शाळेत एका बाकावर बसलेले, शेतं एकाच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. एकाची फुलं आणि दुसऱ्याची वांगी-टमाटे एकाच टेम्पोतून अमरावतीला जात. सूर्यभानने उभ्या जन्मात माठातलं पाणीही स्वतःच्या हाताने घेतलं नव्हतं. त्याची पार्वताबाई म्हणजे गावच्या पंगतींची मुख्य आचारीण. कोणाच्याही लग्नातलं पहिलं पुरण तिने चाखल्याशिवाय पुढे जात नसे. अशा घरचा माणूस भाकरी शिकायला येतो, याचा अर्थ उत्तमरावांनी आपल्या परीने लावला. एकट्या पडलेल्या मित्रावर नजर ठेवायला आला असेल. त्यांना ते जरा खटकलंच.

"तुले काहून पायजे रे भाकर?" त्यांनी विचारलं होतं.

"घरी बसून काय करू? तिथं टीव्ही, अन् इथं तू. तुयाच कार्यक्रम बरा वाटते."

आणि खरोखर कार्यक्रम होऊ लागला. भाकरी बिघडत होती तोवर सूर्यभान गावाची आणि स्वतःची खबर देई. धामणगावला भाच्याच्या लग्नाला गेला आणि शेजारच्या हॉलमध्ये शिरला. तिथल्या नवरदेवाला कुकर दिला, फोटो काढला, पोटभर जेवला, आणि हात धुताना कळलं की या मांडवात आपलं कोणीच नाही. एकदा तो दोन वेगवेगळ्या चपला घालून अमरावतीच्या बाजारात दिवसभर हिंडला. लोक पायांकडे पाहत होते तेव्हा त्याला वाटलं, नवीन पँट शोभून दिसते आहे. त्याची म्हैस सरपंचाच्या फुलकोबीत गेली त्या दिवशी तर वर्षाली फोनवर इतकी हसली की तिचा फोन तिकडे पडला, आणि इकडे उत्तमरावांचा फोन घसरून थेट पिठात गेला. पीठ झटकून पुन्हा उभा केला तर ती अजून हसतच होती. आई गेल्यापासून उत्तमरावांनी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं.

निघताना सूर्यभान नेहमी दोन-तीन भाकरी आणि वाटीभर भाजी फडक्यात बांधून घेई.

"पार्वता मार्क देईन," तो म्हणे.

मार्क दुसऱ्या दिवशी येत. कडा जाड. मीठ कमी. पिठल्यात गुठळ्या. एकदा नुसतं 'बरं आहे' आलं आणि उत्तमराव त्या दिवशी शेतात शेवंती तोडताना मधेच थांबून स्वतःशीच मान हलवत राहिले. पार्वताबाईंनी बरं म्हटलं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हती. हळूहळू ते सकाळीच ठरवू लागले, आज आंबाडीची भाजी करावी की मुगाच्या डाळीचे फुणके. दुकानात जिऱ्याचा वास घेऊन पाहू लागले. भाकर आता तव्यावर फुगत होती.

पौषातल्या एका दुपारी सूर्यभान टेम्पो घेऊन एकटाच अमरावतीला गेला आणि परतीला वलगावजवळ टेम्पो बंद पडला. त्याने फोन करून सांगितलं की मिस्त्री आला आहे, यायला वेळ लागेल.  पुढचं बोलला तेव्हा त्याचा आवाज जरा पडलेला वाटला.

"आज तू खाऊन घे. मी पाहतो मग घरचं."

घरचं काय पाहायचं, ते उत्तमरावांना कळलं नाही. पण त्या दिवशी पिठलं असं जमून आलं होतं की कढईतच त्याला चकाकी आली होती, आणि भाकरीचा पापुद्रा बोटाने उचलावा तर अख्खा सुटत होता. असं रोज होत नाही. पार्वताबाईंनी ते गरम असताना खावं, आणि मार्क आपल्या कानांनी ऐकावेत, असं त्यांच्या मनात आलं. डबा भरून ते निघाले. दिवस मावळायला होता.

सूर्यभानच्या घराचं दार उघडंच होतं. मुलगा कुलदीप पुण्याला नोकरीवर असल्याने घरात दोघंच नवराबायको. उत्तमरावांनी हाक दिली, पण आत भांडं पडल्याचा मोठा आवाज झाला आणि त्यात ती बुडाली. ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

पार्वताबाई जमिनीवर बसल्या होत्या. पिठाचा डबा दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून त्या मनगटांनी झाकण वर ढकलत होत्या. झाकण हलत नव्हतं. बाजूला पातेलं उपडं पडलं होतं आणि पाणी फरशीवर पसरत चाललं होतं. हाताची बोटं ओल्या हळकुंडांसारखी वाकडी, सांध्यांवर फुगलेली. उत्तमरावांना पाहताच त्यांनी हात पदराखाली घेतले आणि चटकन उठू पाहिलं, पण उठायलाही हात टेकावे लागतात. त्या तशाच बसल्या.

"या भाऊजी," त्या म्हणाल्या. "पातेलं निसटलं पाहा."

उत्तमरावांनी पातेलं उचलून ठेवलं, फडक्याने पाणी टिपलं, आणि मग सोबत आणलेला डबा उघडला. पिठल्याचा वास घरभर झाला. ओटा कोरडा होता. गॅसवर काही नव्हतं. सांडशी खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्यावर बारीक धूळ होती.

पार्वताबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनी तो मुद्दाम साधा केला.

"मी यायले रोज सांगतो," त्या नवऱ्याबद्दल बोलत होत्या. "घरी माया हातचं रांधलेलं असते. पण भाऊजीनं केलेली भाकर परत पाठवू नोका. माणूस दुःखातून उठून चुलीपाशी बसला, त्याचं मन मोडलं तर पुन्हा नाई बसायचा. जशी अशीन तशी आमी खातो."

इतके दिवस सूर्यभानने इथे काय सांगितलं होतं आणि तिकडे काय, हे दोन्ही उत्तमरावांच्या ध्यानात एकदमच आलं. इथे एक बाई एका विधुर माणसाची कच्ची-करपलेली भाकर त्याच्यासाठी म्हणून खात होती, आणि त्यामुळे तिला चुलीपाशी बसावं लागत नव्हतं. कोणी तिला विचारतही नव्हतं की आता तुझ्याच्याने होत नाही का.

त्यांनी पिठल्याचा डबा पार्वताबाईंपुढे सरकवला.

"तुमी खाता, वहिनी, म्हणून तर मी करतो," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान नेहमीसारखा आला. पाटावर बसला, लसूण हातात घेतला, पण सोलला नाही.

"काल घरी गेल्ता म्हणे तू."

"हो."

"मग?"

"मग काय. पिठलं चांगलं झालं म्हणे. मीठ अजून थोडं पायजे."

सूर्यभानने उत्तमरावांकडे नीट पाहिलं. मग त्याने परात स्वतःपुढे ओढली आणि त्या दिवशीचं पीठ त्यानेच मळलं, कोणी न सांगता, रगडून. वर्षालीने फोनवर विचारलं की काका आज गप्प का. काका आज शिकून राहिले, असं उत्तमरावांनी उत्तर दिलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी वर्षाली सासू-सासऱ्यांना घेऊन येणार होती. बाबांच्या हातचं खायचं, एवढाच त्या लोकांचा हट्ट. पिठलं-भाकरीवर उत्तमरावांचं समाधान होईना. आदल्या दिवशी सकाळी ते पार्वताबाईंकडे गेले आणि सरळच म्हणाले की पुरणाच्या पोळ्या करायच्या आहेत. ते फोनवरून समजायचं काम नाही, तुम्ही येऊन खुर्चीवर बसा आणि आम्हा दोघांना कामाला लावा. पार्वताबाई आधी नाही म्हणाल्या. गुडघे दुखतात, थंडी आहे, घरी काम आहे. मग त्यांनी विचारलं, डाळ भिजवली का. उत्तमरावांनी भिजवली नव्हती. हे ऐकून त्यांना राहवेना.

रविवारी सकाळी उत्तमरावांच्या स्वयंपाकघरात जो आवाज चढला तो रस्त्यावर ऐकू जात होता. सूर्यभानने पुरणात वेलची सालासकट टाकली. उत्तमरावांनी डाळ इतकी शिजवली की ती पुरण न होता वरणच होऊ पाहत होती. पार्वताबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून खुर्चीवरून हुकूम देत होत्या. इतक्या वर्षांत मी या माणसाला काय खाऊ घातलं, याला वेलची सोलतात हेही माहीत नाही, असं त्यांनी भिंतीवरच्या दुर्गाबाईच्या फोटोला सांगितलं. फोटोकडे बघून त्या असं बोलल्या तेव्हा उत्तमरावांना वाईट वाटलं नाही. दुर्गाबाई असती तर यावर काय म्हणाली असती, ते त्यांना अगदी स्पष्ट ऐकू आलं.

शेवटी कणकीवर गाडी अडली. सूर्यभान म्हणे घट्ट आहे, उत्तमराव म्हणत सैल. पार्वताबाई खुर्चीवरून मान लांब करून करून पाहत होत्या. लांबून कळणारी ती गोष्ट नव्हती.

"आणा इकडे," त्या म्हणाल्या.

परात मांडीवर आली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. मग पदर बाजूला करून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि वाकड्या बोटांचे सांधे कणकीत रुतवले. सूर्यभान आणि उत्तमराव, दोघेही एकदमच तव्याकडे वळले. तवा अजून गॅसवर ठेवलेलाही नव्हता.

"तिकडे काय पाहून राहिले?" पार्वताबाईंचा आवाज आला. "माया हाताची गोष्ट माहीत आहे मले. अन् तुमाले माहीत आहे तेही माहीत आहे. पण कणकीचं समजते या हातायले अजून. थोडं पानी घ्या. अन् तेल."

सूर्यभान पाणी आणायला गेला तो गडबडीत दुधाचंच पातेलं घेऊन आला. बाहेर वर्षालीची गाडी थांबल्याचा आवाज आला. पार्वताबाईंनी दुधाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग म्हणाल्या की हरकत नाही, दुधाने पोळी मऊच होते, टाका.