चिकाटीचं बारसं

हेमाली चांगली मुलगी आहे, आणि तेच मला सहन होत नाही. उरणच्या आमच्या क्रेन ट्रेनिंग सेंटरात ट्रेलर ड्रायव्हरांच्या मानसिक चाचण्या घ्यायला आम्ही दोघीच. दोघी कंत्राटी, आणि कायम जागा एकच. मी सहा वर्षं इथे घासतेय, ती आली गेल्या दिवाळीनंतर. तरी सेंटरचे प्रमुख मोकल सर मलाच म्हणतात, "मृणाली, शीक जरा तिच्याकडून."

या खेपेला आठ चाचण्या होत्या. हेमालीने सगळ्या मार्कांचे एकमेकांशी संबंध काढले, तर शेवटच्या तीन चाचण्यांचे मार्क बरोबरीने चढत-उतरत होते. ठिपके खोडायच्या, बेरजांच्या आणि हात स्थिर ठेवायच्या. गणित एवढंच सांगतं, की या तिन्हींच्या मागे एकच काहीतरी दडलंय. ते काय, हे सांगत नाही. त्याचं बारसं माणसानेच करायचं. हेमालीने नाव ठेवलं, चिकाटी. सर तर हरखलेच. चिकाटी कमी निघेल त्याला क्रेन शिकायला घ्यायचं नाही, असं ठरलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हे मला का नाही सुचलं?

दुसऱ्या दिवशी शिवदास आला. आमच्याच गावचा, मिठागरवाल्यांचा मुलगा, बारा वर्षं ट्रेलर चालवतोय. त्याची चिकाटी तळाला निघाली होती.

"ताय, त्या मंगलवारी अंगारकी व्हती ना," तो म्हणाला. "सकालपासून पान्याचा थेंब न्हाय तोंडात. तुमच्या ठिपक्यांत मना मोदकच दिसत व्हते."

मला त्याची कीव यायला हवी होती. मला आनंद झाला. त्या तिन्ही चाचण्या, आणि आठांपैकी तेवढ्याच, अंगारकीच्या दुपारी झाल्या होत्या, आणि हेमाली तेव्हा वडापाव खात घड्याळ लावत होती. मी तळाच्या ड्रायव्हरांना एकेक करून फोन केले. जवळजवळ सगळे उपाशी होते. चंद्र उगवेपर्यंत पाणी न पिणारी माणसं, आणि म्हणे चिकाटी नाही!

मीटिंगमध्ये सरांसमोर मी हे सगळं सांगितलं, जरा मोठ्यानेच. आता हिचं तोंड पडणार, म्हणून बघत बसले.

हेमालीने लॅपटॉप ओढला. उपासवाले बाजूला काढून पुन्हा गणित केलं. तिन्ही चाचण्यांची गाठ सुटली, ज्याचे त्याचे मार्क ज्याच्या त्याच्या वाटेने गेले. तिने स्क्रीन सरांकडे वळवली.

"सर, मी भुकेला चिकाटी म्हटलं," ती म्हणाली. "ताईंनी पकडलं नसतं तर चांगली माणसं गेली असती. चाचण्या पुन्हा घेऊ, माझ्या सुट्टीच्या दिवशी घेते."

सर माझ्याकडे वळले. "शाब्बास, मृणाली." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "चूक अशी पटकन मान्य करणारं माणूस मिळत नाही. कायम जागेला मला असंच कुणीतरी हवं होतं."

करायला गेले गणपती, झाला मारुती.

बाहेर जिन्यात हेमालीने माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते. "ताई, तुमच्यामुळे वाचले," ती म्हणाली. ती मनापासून बोलत होती. मी तिचं अभिनंदन केलं आणि हात सोडवून घेतला.