पालथं पडायचं

"मान खाली, साहेब! खाली म्हणजे खाली. उशीत तोंड खुपसा."

सिस्टर हे उठता-बसता म्हणायची आणि दर वेळी तिच्या जिभेवर साखर विरघळायची.

साहेबांचा एक डोळा आधीच गेलेला. उरलेल्याचा पडदा सुटला. डॉक्टरांनी डोळ्यातला जेलसारखा द्रव काढला, पडदा जिथं फाटला तिथं लेझर मारलं आणि आत गॅसचा बुडबुडा भरला. बुडबुडा नेहमी वर चढतो. म्हणून पालथं पडायचं, म्हणजे तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. उताणं पडून राहिलं की पडदा पुन्हा सुटलाच म्हणून समजा.

मास्कमागची सिस्टर कोण, हे साहेबांना कुठलं कळायला? तिनं मात्र नाव ऐकताक्षणी ओळखलं. हाच तो मेला! कारखान्यातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं गायब झालं, तेव्हा यानंच विजेच्या मोटारींवर तार गुंडाळणाऱ्या तिच्या बापाला फाटकाशी उभं केलं होतं. "मान खाली घाल, चोरा!" पाळी सुटली, सगळे कामगार समोरून गेले. त्या दिवशी खाली गेलेली बापाची मान मरेपर्यंत वर आली नाही.

"सिस्टर, मान मोडली हो," साहेब कण्हले.

"मोडू द्या. डोळा हवाय ना?"

दुपारी ती औषधं वाटून आली, तर साहेब चक्क उताणे घोरत होते. सोबतीला थांबलेली त्यांची सून जेवायला गेलेली. सिस्टरला काही करायचंच नव्हतं, नुसतं चहाला जायचं होतं. आयतं ताट वाढून ठेवलं होतं समोर. "भोग आता," असं पुटपुटत ती दारापर्यंत गेलीसुद्धा.

मग चरफडत परत फिरली. दया आली म्हणून? छे! आंधळ्याची लोक कीव करतात, हात धरून रस्ता ओलांडून देतात. तिला हा माणूस चांगला डोळस हवा होता, चारचौघांत तोंडावर विचारायला. तिनं त्याला खांद्याला धरून पालथं केलं.

"फार उपकार झाले, बाई."

"उपकार कसले! गप पडा."

पडदा चिकटला. तपासणीच्या दिवशी साहेब बाहेरच्या बाकावर बसले होते. सिस्टर समोर उभी राहिली आणि तिनं मास्क खाली ओढला.

"तांब्याची तार आठवते? फाटकाशी उभा केलात तो माझा बाप."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "ती तार... सापडली होती नंतर. गोदामातच."

"कधी?"

"त्याच आठवड्यात."

"आणि सांगितलं नाहीत?"

"साहेब चुकला म्हटलं की कामगार डोक्यावर बसतात, बाई."

तिचा हात उगारला गेला. तो तिनं कसाबसा बाकाच्या पाठीवर आवळून धरला. "उठा. सगळ्यांसमोर बोला, तो चोर नव्हता म्हणून."

"इथं?"

"इथंच! का सुनेला बोलावून मीच सांगू?"

साहेब उठले, काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं!"

"तो चोर नव्हता!" साहेब ओरडले. "मी खोटा होतो!"

हॉल गच्च भरलेला होता. सगळे डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसले होते. त्यातलं एकही माणूस तिच्या बापाला ओळखत नव्हतं.

"कुणाचा नंबर पुकारला गं?" एका म्हातारीनं विचारलं.

"कुणाचा नाही, आजी," सिस्टर म्हणाली. "बसा तुम्ही."