बाजारातले नव्वद सेकंद

आमच्या मासिकात ग्राफिक्स कार्ड तपासायची पद्धत मी घालून दिली आहे. एका जड गेममधला गर्दीचा बाजार घ्यायचा. ओली फरशी, शेकडो माणसं, तेवढेच दिवे. आपल्या पात्राला विहिरीपासून पुलापर्यंत नव्वद सेकंद चालवायचं, नजर सरळ समोर. कार्ड सेकंदाला किती चित्रं पडद्यावर काढतं ते मोजायचं, तीनदा; जितकी जास्त तितकं चांगलं. बारा वर्षं मी हेच करतोय, आणि वाचक खालचं माझं नाव बघून कार्ड घेतात.

मग मालकांनी आपले जावई आणून माझ्या खोलीत बसवले. सगळं ऑफिस त्यांना जावईबापू म्हणतं. हे गृहस्थ नवं कार्ड डब्यातून काढलं की आधी त्याचा वास घेतात. चार व्हिडिओ बघून अक्कल पाजळायला आलेला माणूस, दुसरं काय.

त्या महिन्यातल्या कार्डाला मला अठ्ठेचाळीस मिळाले. जावईबापूंना एकाहत्तर. मी मालकांना बोलावलं आणि जावईबापूंना म्हटलं, आमच्यासमोर पुन्हा करा.

त्यांनी केलं. पात्र विहिरीपासून निघालं आणि जावईबापूंनी त्याची नजर वर केली ती खाली आणलीच नाही. नव्वद सेकंद नुसतं आभाळ, एक ढग आणि दोन पक्षी. कार्डाला काढायला काही नव्हतंच, एकाहत्तर येणार नाहीत तर काय. खाली गर्दीकडे बघितलं की मला गरगरतं, असं ते निर्लज्जपणे म्हणाले. मी मालकांच्या तोंडावर खदखदून हसलो.

मालक हसले नाहीत. त्यांनी एकाहत्तर आधीच कार्डाच्या कंपनीला कळवले होते; कंपनी खूश होती आणि पुढचं कार्ड सगळ्यांआधी आम्हालाच देणार होती. "हा आकडा ज्याच्याकडून येईल, खोली त्याची," ते म्हणाले. "दुसऱ्याने माउसपॅड तपासावेत."

माउसपॅड! बारा वर्षांची ती खोली, माझ्या हाताने ओढलेल्या वायरी, माझ्या बसण्याने खोल गेलेली खुर्ची. ती या गरगरणाऱ्या माणसाला द्यायची? मी खुर्चीत बसलो, पात्राला विहिरीपाशी उभं केलं, नजर वर केली आणि चालत सुटलो.

मला त्र्याहत्तर मिळाले. जावईबापूंपेक्षा दोन जास्त, शेवटी हात सराईत ना. आकडा छापला, खाली माझं नाव छापलं, आणि जावईबापू माउसपॅडांचा वास घ्यायला गेले. त्यांची मला अजूनही किळस येते. माझी येते ती वेगळी.

पंधरा दिवसांनी धाकट्या भावाचा फोन आला. त्याने तेच कार्ड घेतलं होतं. सुट्टीचे दोन दिवस तो मशीन उघडून बसला होता, आतलं सगळं पुसून पुन्हा भरलं होतं, बायको बोलायची थांबली होती.

"दादा, तुझं नाव बघून घेतलं रे," तो म्हणाला. "पण बाजारात शिरलो की अडखळतंय. माझं काय चुकतंय?"

तुझं काही चुकत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण खुर्ची आठवली.

"वर बघून चाल," मी म्हणालो.

थोडा वेळ त्याच्याकडून नुसता बटणांचा आवाज आला.

"अरे हो, आता मस्त चालतंय," तो म्हणाला. "तुलाच कळतं बाबा यातलं."