चालकाच्या बाजूचा आरसा
पडदेवालीने व्हॅन मागे घेतली आणि फाटकाच्या खांबाने तिचा आरसा खाल्ला. काचेच्या ठिकऱ्या पायरीपर्यंत उडाल्या. खांबावर मात्र साधा ओरखडाही नाही. खांबांना कधीच काही होत नाही.

शेजारच्या सीटवर नवरा बसला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ब्रेक दाबण्याइतका जोर त्याच्या पायात उरला नव्हता, म्हणून तो बायकोला गाडी शिकवत होता. शिकवत होता म्हणजे ओरडत होता.

"आरशात बघ, आरशात बघ म्हणून घसा कोरडा पडला माझा! डोळे कुठे होते तुझे?"

"आरशातच होते."

"मग एवढा मोठा खांब दिसला नाही?"

दिसला नव्हताच, पण तसं कबूल करायला ती काही दूधखुळी नव्हती.

"झालं तेवढं पुरे," म्हणत नवऱ्याने तिथल्या तिथे धाकट्या भावाला फोन लावला आणि संध्याकाळी यायला सांगितलं. "गाडी घेऊन जाऊ दे त्याला. पडदे तू शिव, पोचवायचं तो बघेल."

दीर माणूस वाईट नव्हता, पण त्याला खिडकीचं माप घ्यायला सांगितलं तर तो दाराचं घेऊन येईल. पडद्याचा धंदा म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिडकीसमोर उभं राहून ऊन कुठून येतं ते बघणं, आणि ते तिचं काम होतं. गाडी गेली की हिंडणं गेलं, मग उरणार घरातलं मशीन आणि दीर आणून देईल ती मापं. हे ती जिवंतपणी होऊ देणार नव्हती.

"येऊ देत की भावजी," ती म्हणाली. "पण फुटक्या आरशाची गाडी दाखवून आपलीच शोभा कशाला? आधी आरसा बसवते."

"तू?" नवरा हसला. "अगं, या गाडीची काच बाजारात मिळायची कधीच बंद झाली."

"मग कापून घेते. कापायचं तरी मला शिकवू नका."

दुसऱ्या बाजूच्या धडक्या आरशावर तिने कागद धरला, कडेने नख फिरवलं आणि आकार कापला. मग तो कागद पालथा केला आणि त्यावर 'ही बाजू वर' असं लिहिलं.

"उलटा कशाला केलास?"

"डाव्या बाहीवरून उजवी बाही कशी कापतात?"

शिवणाऱ्या बाईबरोबर उभा जन्म काढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारायलाच नको होता. त्याने खांबाकडे बघण्याचं नाटक केलं.

कोपऱ्यावरच्या काचवाल्याने त्या कागदावरून सपाट आरसा कापला, कडा घासून दिल्या आणि "गिऱ्हाइकं असा नमुना आणतील तर मी उपाशी मरेन, चुकाच होणार नाहीत आणि दुसरी काच कोणी घेणार नाही," असं म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वर दिली.

घरी येऊन तिने फुटक्या काचेवर रुंद चिकटपट्टी लावली, म्हणजे तुकडे सांडायला नकोत. केस वाळवायच्या यंत्राने जुना गोंद तापवला, पातळ पातं सरकवलं, आणि उरलीसुरली काच अलगद सुटून आली. मागची प्लास्टिकची चकती एका गोळ्यावर फिरायला हवी. ती जागची हलेना. सांध्यात पिवळ्या गोंदाचा दगड झाला होता.

"हे काय?"

"तो सांधा ढिला झालेला," नवरा मोठ्या ऐटीत म्हणाला. "आरसा सारखा खाली पडायचा. मी माझ्या हिशेबाने बसवला आणि चिकटवून टाकला. तेव्हापासून केसभर हललेला नाही."

तिचा हात थांबला. पहिल्या दिवसापासून तिने आरसा सरकवायला हात नेला की तो खेकसायचा, "आरशाला हात लावू नकोस. बरोबर बसलाय तो." नवरा ताडमाड उंच, आणि ती त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. तिला त्या आरशात रोज मागच्या घराची गच्ची, विजेच्या तारा आणि भरपूर आभाळ दिसायचं. आपण नवशिक्या, पुढे जमेल, असं तिने मनाला समजावलं होतं. आता मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, मला यात खांब कधी दिसलाच नाही. गच्ची दिसते, गच्ची! त्यांचे वाळत घातलेले कपडे मला पाठ झालेत. आता विचारा, डोळे कुठे होते म्हणून!"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग आरशाच्या उंचीकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"चिकटवताना... तू कधी चालवशील असं डोक्यातच आलं नाही गं."

"माझ्या तरी कुठे आलं होतं?" ती म्हणाली आणि पेचकस मागितला. त्याने मुकाट्याने आणून दिला.

तिने गोंद टवकेटवके करून काढला, गोळ्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट बसवली, चकती पुसली, टेप लावली आणि नवी काच तळव्याने दाबून धरली. मग आपल्या जागेवर बसून आरसा वळवला. खांब दिसला, बुडापासून टोकापर्यंत. तिला त्या मेल्याला हात करावासा वाटला. एका दमात तिने व्हॅन मागे घेऊन फाटकाबाहेर काढली आणि परत आत आणली. नवरा पायरीवर उभा होता. आज पहिल्यांदाच तो ओरडला नाही.

संध्याकाळी दीर आला. भावासारखाच उंच. चालकाच्या सीटवर बसला, सीट मागे ढकलली आणि खिडकीतून वाकला.

"वहिनी, आरसा झकास बसवलाय, पण मला यात नुसतं चाक दिसतंय." त्याने हात बाहेर काढला.

"आरशाला हात लावू नकोस," पायरीवरून नवरा खेकसला. "बरोबर बसलाय तो."

"मग दादा, मी चालवू कशी?"

"तुला कोण चालव म्हणतंय? सरक पलीकडे. वहिनी सोडेल तुला घरी."